दोन अक्षरं आणि एक स्पेसबार

देवगड बंदरावर, बर्फाच्या कारखान्याला लागून
सोसायटीचं ऑफिस. एक खिडकी, एक काउंटर,
आणि खाऱ्या हवेनं धरलेला कीबोर्ड.
इथं लोखंडाचं आयुष्य दोन हंगाम.
संगणकावर मी टॉवेल घालते,
तो तापतो, मग टॉवेल काढते.

पहिल्या दिवशी जुनी पत्रं उघडली
तर पडद्यावर इंग्रजी अक्षरं, डोक्यांवर टोप्या, बुडाला शेपट्या,
मराठी म्हणून एक काना नाही.
कांदळगावकरांना फोन लावला.
पंचवीस वर्षं तेच बसायचे या खुर्चीत,
आता आचऱ्याला पोफळीला पाणी लावतात.
म्हणाले, "खाली कोपऱ्यात बघ, निळो चौकोन असा.
डावीकडे ओत, उजवीकडे गाळून येता."
ओतलं.
सुरमईची खवलं उलट्या सुरीनं निघावीत
तशा टोप्या उडाल्या, शेपट्या गळल्या
आणि खालून आलं साफ, ओलं:
'विषय : जेटीवरील दिवा बंद असल्याबाबत.'
सन दोन हजार दोन.
दिवा अजून बंद आहे.

तेव्हापासून या बारक्या कारागिरांचा मला लळा लागला.
कुणी, कुठल्या देशात बसून, फुकट घडवून ठेवलेले.
एक आहे, तो तीनशे नौकांचे फोटो
एका दमात नावानिशी लावतो;
मालकच तोटा झाला की नाव बदलतात,
'सातेरी कृपा'ची 'नवी सातेरी कृपा' होते,
तो पुन्हा लावतो, कुरकुरत नाही.
एक आहे, मी उचललेलं शेवटचं पन्नास वेळचं ध्यानात ठेवतो.
संध्याकाळी उघडावं तर दिवस उलटा दिसतो:
इंजिन नंबर, बर्फाचा दर, पेडव्यांचा भाव,
आणि मधेच, मुलीला पाठवलेलं
'भात कुकरात आहे, आमटी गरम कर.'

पण जीव जडला तो घड्या घालणाऱ्यावर.
दोन अक्षरं लिहा, स्पेसबार दाबा,
अख्खा मजकूर उलगडतो, जाळं झटकावं तसा.
कांदळगावकर एकसष्ट घड्या ठेवून गेले होते.
'सो' म्हणजे सोसायटीचं पूर्ण नाव, नोंदणी क्रमांकासकट.
'डिप' म्हणजे डिझेल परतावा, 'महोदय' ते 'आपला विश्वासू'.
'कां' म्हणजे ते स्वतः;
एवढं लांब आडनाव रोज कोण लिहिणार?
'वच' मी चुकून दाबलं,
रात्री आठला, हिशेब जुळत नव्हता तेव्हा:
'वायच थांब. डोळ्यांक पानी मार. मगे बघ.'
कुणाला पाठवायचं नव्हतंच ते.
मी उठून पाणी मारलं.
बर्फ दोनदा धरला होता.

आणि 'बेख'.
'सविनय कळविण्यात येते की, नौकेवरील खलाशी
श्री. ........, वय ...., दिनांक ........ पासून बेपत्ता...'
तीन रिकाम्या जागा, मापात आखलेल्या.
एकदाच लिहिलेल्या पत्राची
कुणी घडी करून ठेवत नाही.
खिडकीबाहेर बायका सुंगटं निवडत होत्या,
कुणीतरी कुणाला तरी शिव्या देत होतं.
मी बराच वेळ तो कर्सर लुकलुकताना पाहत बसले.

साठ घड्या तशाच आहेत, 'वच'सुद्धा.
ही एक पुसली.
तसा दिवस आलाच
तर लिहीन पहिल्यापासून,
नावातला काना, वेलांटी, एकेक बोटाखालून जाऊ दे,
बोट थांबलं तर थांबू दे.

फोनवर सांगितलं, तर ते काही बोलले नाहीत.
मागे पंपाचा आवाज येत होता.
मग म्हणाले,
"स्पेसबार अजून अडकता काय गो?"
"अडकता."
"उजव्या टोकाक दाब."